एमओटीच्या नोंदी वाचून जुनी मोटार कशी पारखावी

ब्रिटनमध्ये हौसेखातर जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्या माणसाला एक मौल्यवान गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे त्या मोटारीच्या वार्षिक तपासणीचा, तिथल्या भाषेत एमओटीचा, २००५ पासूनचा इतिहास. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये झालेल्या प्रत्येक तपासणीची तारीख, त्या दिवशी मीटरवर दिसलेले मैल, निकाल, नापास होण्याची कारणे आणि तपासनिसाने दिलेल्या सूचना समोर येतात. उत्तर आयर्लंडच्या नोंदी २०१७ पासूनच्याच मिळतात. यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, आणि जाहिरातीतल्या छायाचित्रात नंबराची पाटी दिसत असेल तर विक्रेत्याला फोन करण्याआधीच हे काम उरकता येते. पाटी झाकलेली असेल तर नंबर मागून घ्यावा, आणि तो देताना कोणी आढेवेढे घेऊ लागला तर त्या गाडीसाठी प्रवास करू नये.

अडचण अशी आहे की बहुतेक लोक या नोंदींत फक्त ‘पास’ आणि ‘नापास’ एवढेच पाहतात. निकालाला माझ्या लेखी सर्वांत कमी महत्त्व आहे. पास झाल्याचा दाखला त्या एका दिवसापुरता असतो. गाडी दुसऱ्या दिवशी कशी होती याची हमी तो देत नाही. खरी माहिती निकालाच्या खाली बारीक अक्षरात असते, आणि तीही एका वर्षाची नव्हे, तर सगळी वर्षे एकाखाली एक लिहून पाहिली म्हणजेच उलगडते.

म्हणून पहिले काम हातानेच करावे. एका कागदावर रकाने आखून त्यांत तारीख, मैल, निकाल, नापासाचे कारण आणि सूचना उतरवून काढाव्यात. संगणकावर नोंदी उलट्या क्रमाने, म्हणजे सर्वांत नवी वर अशा दिसतात. कागदावर त्या जुन्यापासून नव्याकडे लिहाव्यात, कारण गंज आणि झीज त्याच दिशेने चालतात. वीस मिनिटांचे हे काम आहे, पण ते करताना जे प्रश्न सुचतात ते पडद्यावर नुसती नजर फिरवून सुचत नाहीत.

मैलांच्या रकान्यापासून सुरुवात करू. १९६० किंवा १९७० च्या दशकातल्या बहुतेक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असतात आणि ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे ‘फक्त ४३,००० मैल’ या शब्दांना एकटे काहीच वजन नाही. आकडा मध्येच खाली आलेला दिसला तर लगेच फसवणुकीचा निष्कर्षही काढू नये. मीटर बदललेले असू शकते, तपासनिसाकडून अंक चुकलेला असू शकतो, किंवा परदेशातून आलेल्या गाडीचे मीटर किलोमीटरचे असू शकते. एका वर्षीचा आकडा विचित्र असून त्याच्या मागचे आणि पुढचे आकडे एका रांगेत बसत असतील, तर ती लिहिण्यातली चूक समजावी. आकडा खाली येऊन तिथूनच पुढे वाढत गेला असेल, तर मात्र मीटर बदलल्याची पावती मागावी.

त्याहून बोलका असतो तो दोन तपासण्यांमधला फरक. तीन वर्षांत वीस मैल चाललेली गाडी जाहिरातीत ‘जपून ठेवलेली’ म्हणून येते. प्रत्यक्षात ती गॅरेजमध्ये पडून होती. पडून राहिलेल्या गाडीत ब्रेकची सिलिंडरे अडकतात, रबराच्या नळ्या कडक होऊन तडकतात, टाकीतले पेट्रोल खराब होते आणि टायर, त्यांवरची नक्षी शाबूत असली तरी, बाजूने चिरतात. दरवर्षी हजार-दीड हजार मैल चाललेली, अधूनमधून नापास होऊन पुन्हा पास झालेली गाडी मला अशा ‘जपून ठेवलेल्या’ गाडीपेक्षा केव्हाही बरी वाटते.

नापासाची भीती बाळगू नये, पण कारणे वेगळी काढावीत. दिवा लागत नाही, वायपरचे रबर फाटले आहे, हँडब्रेक ढिला आहे, टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली आहे ही कारणे सुट्या भागांची आहेत आणि थोड्या पैशांत मिटतात. धुराचे प्रमाण जास्त आले तर तेही बहुधा कार्ब्युरेटर जुळवण्याचे काम असते. ऑगस्ट १९७५ पूर्वी वापरात आलेल्या गाड्यांचा धूर तर नुसत्या डोळ्यांनीच पाहिला जातो, आणि तिथपासून जुलै १९८६ पर्यंतच्या गाड्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के इतकी सैल आहे. गंजाचा शब्द मात्र जिथे जिथे येईल तिथे थांबावे. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट ज्या जागी गाडीला जोडलेले असतात, त्या जागेपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास होते. तिथला पत्रा बदलणे म्हणजे कापणे, नवा तुकडा घडवणे आणि सलग वेल्डिंग करणे आले, आणि ब्रिटनमध्ये ही मजुरी तासावर मोजली जाते.

एकाच दिवशी नापास आणि पास अशा दोन नोंदी दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. बल्बासारखा छोटा दोष तपासणी केंद्रातच तासाभरात दुरुस्त झाला तर नोंद अशीच पडते. मात्र सकाळी गंजासाठी नापास झालेली गाडी संध्याकाळी पास झालेली दिसली, तर एवढ्या वेळात वेल्डिंग नेमके कसले झाले हे विचारलेच पाहिजे.

आता सूचनांकडे येऊ, कारण या साऱ्या इतिहासाचा गाभा तिथे आहे. ज्या दोषासाठी आज नापास करता येत नाही, पण जो पुढे वाढणार हे तपासनिसाला दिसते, त्याची तो सूचना लिहून ठेवतो. तिला ‘अ‍ॅडव्हायझरी’ म्हणतात. या सूचनांची भाषा ठरावीक आणि कोरडी असते. ‘निअरसाइड’ म्हणजे पदपथाकडची, डावी बाजू आणि ‘ऑफसाइड’ म्हणजे चालकाची, उजवी बाजू. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे चटकन लक्षात राहते. ‘सिल’ म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली पत्र्याची पोकळ पेटी, आणि ज्या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा भक्कम सांगाडा, नसते त्यांचा बराचसा भार तीच पेलते. ‘प्ले’ म्हणजे जोडातला ढिलेपणा. ‘अंडरसील’ म्हणजे गाडीच्या पोटाला फासलेला डांबरासारखा काळा थर.

या शेवटच्या शब्दाने मला चांगलाच धडा दिला. २०१६ मध्ये मी १९६५ ची एक मॉरिस मायनर घेतली. नोंदींत २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे डाव्या सिलच्या गंजाची सूचना होती. २०१४ मध्ये ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी ‘गाडीच्या पोटाला अंडरसीलचा जाड थर आहे’ असे एक वाक्य आले. मी ते वाचले आणि मालकाने गंज काढून गाडी नीट राखली, असा अर्थ लावला. तपासनिसाला सांगायचे होते ते अगदी उलट होते: थर इतका जाड आहे की त्याखाली काय आहे हे मला दिसलेले नाही. एमओटीच्या तपासनिसाला काही उकलण्याची मुभा नसते. तो गालिचे उचलत नाही, पत्रे काढत नाही, फार तर एका छोट्या अवजाराने पत्रा ठोकून किंवा दाबून पाहतो. वरून कीर्तन, आतून तमाशा, असा तो प्रकार होता, आणि त्या सिलच्या कामाला गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक पैसे गेले. दोष विक्रेत्याचा म्हणावा, तर त्याने खोटे असे काहीच सांगितले नव्हते. मी विचारलेच नव्हते.

त्यामुळे माझा आता पक्का नियम असा आहे की एखादी सूचना ओळीने दोन-तीन वर्षे दिसून मग गायब झाली असेल, तर तिथे लाल खूण करावी आणि विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारावा: हे काम कोणी केले, केव्हा केले, आणि काम चालू असतानाची छायाचित्रे आहेत का? खरोखर दुरुस्ती करून घेतलेला मालक हे विचारल्यावर खुलतो. जुन्या गाडीवर पैसे खर्च केलेला माणूस पावत्यांची फाइल दाखवण्याची वाटच पाहत असतो. ‘ते मागच्या मालकाच्या वेळचे’ असे उत्तर आले, तर ते खरे असेलही, पण मग आपण ते काम झालेले नाही असेच धरून किंमत बोलावी.

प्रत्येक जातीच्या गाडीची दुखरी जागा वेगळी असते, आणि सूचना वाचण्याआधी ती माहीत असलेली बरी. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या गाडीत बाहेरची सिल नवी आणि आतली कुजलेली असा प्रकार फार आढळतो. जुन्या मिनीत मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाके जिला जोडलेली असतात ती पोलादी चौकट, गंजते. लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची असल्याने वरून छान दिसते, पण तिची पोलादी चासी, विशेषतः सर्वांत मागचा आडवा तुकडा, आतून पोखरला जातो. मॉरिस मायनरच्या पुढच्या सस्पेन्शनमधल्या ट्रनियन नावाच्या जोडाला वेळोवेळी ग्रीस मिळाले नाही तर त्याचे आटे झिजतात आणि चालत्या गाडीचे पुढचे चाक कोलमडू शकते. तिच्या नोंदीत पुढच्या सस्पेन्शनमधल्या ढिलेपणाचा उल्लेख आला की तो हलका समजू नये. मायनरच्याच ट्रॅव्हलर या प्रकारात मागचा लाकडी सांगाडा शोभेचा नाही. ॲश वृक्षाचे ते लाकूड बॉडीचा भार पेलते, त्यामुळे ते कुजले असेल तर गाडी नापास होते. मोटार लाकूड कुजल्याने नापास झाल्याची नोंद वाचून हसू येते, पण तो सांगाडा नवा बसवण्याचा खर्च ऐकून ते टिकत नाही.

नोंदी वाचताना २० मे २०१८ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवसापासून दोषांची ‘धोकादायक’, ‘मोठा’ आणि ‘किरकोळ’ अशी वर्गवारी सुरू झाली. पहिल्या दोहोंत गाडी नापास होते, तिसऱ्यात पास होते, आणि सूचना पूर्वीप्रमाणेच वेगळ्या लिहिल्या जातात. त्याआधीच्या नोंदींत नापासाची कारणे आणि सूचना एवढेच दोन भाग असत. तेव्हा २०१९ च्या नोंदीत ‘धोकादायक’ हा शब्द पहिल्यांदा दिसला म्हणून गाडी एका वर्षात रसातळाला गेली असे नव्हे. तोच दोष २०१६ मध्ये नुसता ‘नापास’ म्हणून लिहिला गेला असता.

त्याच तारखेला दुसरा बदल झाला, आणि जुन्या गाडीच्या ग्राहकासाठी तो अधिक महत्त्वाचा आहे. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मागील तीस वर्षांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना एमओटीतून सूट मिळाली. त्याआधी, नोव्हेंबर २०१२ पासून, ही सूट फक्त १९६० पूर्वीच्या गाड्यांना होती. ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते, त्यामुळे आज रस्त्यावरची प्रत्येक मॉरिस मायनर आणि प्रत्येक एमजीबी वयाच्या हिशेबाने सुटीच्या कक्षेत आहे, तर २००० पर्यंत तयार होत राहिलेल्या मिनींपैकी अलीकडच्यांना तपासणी अजून सक्तीची आहे.

परिणाम असा की आपल्या कागदावरचा इतिहास अनेकदा २०१७ किंवा २०१८ ला येऊन अचानक थांबतो. विक्रेता ‘या गाडीला एमओटी लागत नाही’ हे वाक्य जणू गाडीचा गुण असल्यासारखे सांगतो. माझ्या मते तो गुण मुळीच नाही. त्या रिकाम्या वर्षांत गाडी किती चालली, कुठे उभी होती, तिचे पोट कोणी तपासले, यांपैकी कशाचेही सरकारी उत्तर उरलेले नाही. शेवटच्या नोंदीत ज्या सूचना असतील त्या आज दोष झालेल्या आहेत असे धरावे. २०१७ मध्ये मागची ब्रेकची नळी ‘किंचित गंजलेली’ असेल, तर इतक्या वर्षांनंतर ‘किंचित’ हा शब्द आपणच खोडावा. शिवाय सूट तपासणीतून आहे, जबाबदारीतून नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणणे हा सूट मिळालेल्या गाडीच्या बाबतीतही गुन्हाच आहे.

सूट खरोखर लागू आहे का, हेही पाहावे. चासी किंवा बॉडीचा मूळ सांगाडा बदलणे, आस आणि चाकांची यंत्रणा वेगळ्या जातीची बसवणे, वेगळ्या क्षमतेचे आणि त्या मॉडेलला मूळ नसलेले इंजिन घालणे हे मोठे फेरफार समजले जातात. तशी गाडी चाळीस वर्षांची असली तरी तिला तपासणी लागते. झिजलेल्या भागांच्या जागी तसेच भाग मिळत नाहीत म्हणून, किंवा ब्रेक आणि सुरक्षितता सुधारण्यासाठी केलेले बदल साधारणपणे यात मोडत नाहीत. कर भरताना मालकाने सुटीचे निवेदन करायचे असते. टपाल कार्यालयात त्यासाठी व्ही ११२ नावाचा अर्ज असतो. म्हणजे आधीच्या मालकाने निवेदन केले असले, तरी गाडी आपल्या नावावर झाल्यावर त्याच विधानाची जबाबदारी आपल्यावर येते. जोमदार इंजिन बसवलेल्या जुन्या मिनीच्या जाहिरातीत ‘कर नाही, एमओटी नाही’ असे लिहिलेले पाहिले की मी जाहिरात मिटून टाकतो.

या रिकाम्या वर्षांवर उपाय एकच आहे, आणि तो स्वस्त आहे. सूट असलेल्या गाडीचीही स्वेच्छेने एमओटी करून घेता येते. मोटारीसाठी केंद्राला जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स घेता येतात. सौदा पक्का करण्याआधी विक्रेत्याला सांगावे की तपासणीचे पैसे मी देतो, केंद्र मी निवडतो, गाडी तुम्ही घेऊन या. केंद्र निवडताना जुन्या गाड्यांची सवय असलेला तपासनीस शोधावा. स्थानिक जुन्या मोटारींच्या क्लबातले लोक त्याचे नाव हमखास सांगतात. गाडी वर उचललेली असताना आपण बाहेर खिडकीशी उभे राहावे आणि शेवटी तपासनिसाला दाखल्याबाहेरचे मत विचारावे, कारण लेखी सूचनेत जे मावत नाही ते तो तोंडी बोलतो. या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था पाहिली जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. त्यासाठी वेगळा मेकॅनिक लागतो. विक्रेता या तपासणीला नाही म्हणाला तर त्याचे कारण काहीही असो, त्या किमतीला ती गाडी घेऊ नये.

२००५ पूर्वीचा काळ कागदांवर शोधावा लागतो. एमओटीची सुरुवात १९६० मध्ये, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना झाली. तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची असे आणि तीत ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच पाहत. तीन वर्षांची मर्यादा १९६७ मध्ये आली आणि बाकीच्या बाबी हळूहळू वाढत गेल्या. म्हणून १९६० च्या दशकातला एखादा दाखला मिळाला तर तो जपावा, पण त्यावरून पत्र्याची अवस्था ठरवू नये. जुन्या दाखल्यांवर मैलांचा आकडा हाताने लिहिलेला असतो आणि तपासणी केंद्राचा उमटवलेला शिक्का असतो. अशा दाखल्यांची सलग मालिका असेल तर मीटर कितव्या वेळी शून्यावरून फिरले आहे हे तिच्यावरून ठरते, आणि ‘४३,००० मैल’ की ‘१,४३,००० मैल’ या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा तोच एक भरवशाचा मार्ग आहे.

तपासणी कुठे झाली हेही संकेतस्थळावर पाहता येते, पण त्यासाठी व्ही-५-सी या नोंदणीपुस्तकावरचा अकरा आकडी क्रमांक लागतो. तो क्रमांक अनोळखी माणसाला फोनवर देऊ नये असे विक्रेत्याला वाटले तर ते रास्तच आहे. गाडी पाहायला गेल्यावर त्याच्याच फोनवर, त्याच्याच हाताने ते पान उघडून घ्यावे. वर्षानुवर्षे घराजवळच्या एकाच केंद्रात तपासलेली गाडी एखाद्या वर्षी दीडशे मैल लांब जाऊन पास झाली असेल, तर त्यामागे घर बदलण्यासारखे साधे कारण असू शकते. ते विचारून घ्यावे. त्याच वेळी पुस्तकातला चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, रंग आणि इंजिनाची क्षमता जुळते का ते पाहावे. नंबर ‘क्यू’ या अक्षराने सुरू होत असेल, तर त्या गाडीचे वय किंवा मूळ सरकारला निश्चित करता आलेले नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि मग विक्रेत्याने सांगितलेल्या उत्पादनवर्षाला फारसा आधार राहत नाही.

दक्षिण आफ्रिका किंवा कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेतून आणलेल्या गाडीचा इतिहास ब्रिटनमध्ये आल्यापासूनच सुरू होतो, आणि त्यात संशयास्पद काही नाही; असा पत्रा अनेकदा इंग्लंडमध्ये बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर हिवाळे काढलेल्या पत्र्यापेक्षा चांगला असतो. तिथे आयातीची कागदपत्रे हाच इतिहास समजावा.

पैसे देण्याच्या दिवशी सकाळी नंबर पुन्हा एकदा संकेतस्थळावर टाकून पाहावा. नवी तपासणी झाली की ती लगेच नोंदली जाते, आणि जाहिरात आल्यानंतर कुठे तरी नापास होऊन आलेली गाडी अशा वेळी सापडते. सगळे जुळले तर नोंदणीपुस्तकातली नव्या मालकासाठीची हिरवी चिठ्ठी हातात घ्यावी. १ ऑक्टोबर २०१४ पासून रस्ताकर गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही, त्यामुळे कर शून्य असलेल्या ऐतिहासिक वर्गातल्या गाडीचाही कर आपल्या नावाने नव्याने नोंदवावा लागतो, आणि विम्याशिवाय तर ती विक्रेत्याच्या दारातून हलवताही येत नाही. सक्तीची एमओटी संपलेली गाडी असेल तर ती आधी वेळ घेतलेल्या तपासणीसाठी किंवा दुरुस्तीसाठीच रस्त्यावरून नेता येते; तेवढ्यासाठी मालवाहू ट्रेलर ठरवलेला परवडतो.